श्वास न घेणारी बाई

माणसाने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने एखादं यंत्र बनवावं, त्यात निराळाच आनंद असतो, असं मला कुणीतरी सांगितलं होतं. त्या माणसाच्या मी शोधात आहे. सापडला तर त्याला काही करणार नाही. नुसतं घरी चहाला बोलावीन आणि आमच्या जिन्यातून वर चढलेल्या तारेविषयी आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींसमोर तासभर बसवीन.

तार आईसाठी होती. आमची आई गाते. एकटी नाही. इमारतीच्या तळमजल्यावर हॉल आहे, तिथे दर गुरुवारी संध्याकाळी बायकांचा एक गट जमतो आणि सगळ्याजणी मिळून गातात. बाकीच्या वरच्या आवाजात गातात, आई खालच्या. खालचा आवाज म्हणजे घराचा पाया, असं तिचं म्हणणं. कुणी कौतुक करत नाही, पण काढून बघा. त्यांच्या एका गाण्यात तर मध्येच सगळ्या गप्प होतात आणि आई एकटी एक ओळ म्हणते. त्या ओळीत फार अर्थ नाही, 'सांज झाली' एवढंच आहे आणि तेही तीनदा. पण ती ओळ आईची होती. गटातल्या कुणीही इतक्या वर्षांत ती मागितली नव्हती.

मग आईच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीत लिफ्ट आहे. म्हणजे लिफ्टचं दार आहे, दारामागे अंधार आहे आणि दारावर 'दुरुस्ती चालू' अशी पाटी आहे. पाटी इतकी जुनी झाली, की मध्यंतरी पाटीचीच दुरुस्ती करावी लागली. खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली नेऊ, असं मी आईला सुचवलं. ती म्हणाली, "चौघं मला एकदाच उचलून नेतील, आणि तेव्हा मी गाणार नाही."

गटातल्या बायकांनाही चार मजले चढवत नव्हते. त्यांचेही गुडघे आईच्याच वयाचे. फोन यायचे, पण फोनवर सगळेच मजेत असतात. त्या विचारायच्या, "कशा आहात?" आई म्हणायची, "मजेत." फोन ठेवून खिडकीबाहेर बघत बसायची. स्वयंपाकघरात येता-जाता गुणगुणायची ती सवयही गेली. घर एकदम नीटनेटकं आणि शांत झालं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

फोनवरून गाणं ऐकवायचा प्रयोग आम्ही केला होता. पण हल्लीचे फोन हुशार. एक माणूस बोलला तर त्यांना कळतं. वीस बायका गायला लागल्या की त्यांना तो गोंगाट वाटतो आणि ते तो गाळून टाकतात. आईला ऐकू यायची ती फक्त मधूनमधून कुणाची तरी खोकल्याची उबळ.

तेव्हा मी जाहीर केलं, की हॉलमध्ये माईक ठेवून तिथून आमच्या बाहेरच्या खोलीपर्यंत तार आणायची, खोलीत अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर बसवायचा, आणि हे सगळं मी करणार. मी विमा कंपनीत कारकून आहे. पण तरुणपणी मी टपालाने इलेक्ट्रॉनिक्सचा कोर्स केला आहे, आणि त्याचं प्रमाणपत्र अजून माझ्याकडे आहे. आमची ही शाळेत विज्ञान शिकवते. ती पेपर तपासत होती. वर न बघता तिने विचारलं, "इनपुट कसा ठेवणार? सिंगल-एंडेड की डिफरन्शियल?"

टपालाने घेतलेल्या ज्ञानाची एक अडचण असते, काही पाकिटं वाटेतच गहाळ होतात. डिफरन्शियलचं पाकीट माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं. पण नवरा म्हणून काही प्रतिष्ठा असते. मी म्हटलं, "साधाच ठेवतो. एकच तर बाई ऐकणार आहे."

तिने पेपरवर लाल फुली मारली. ती माझ्यासाठी होती की कुणा विद्यार्थ्यासाठी, हे मी विचारलं नाही.

तार जिन्यातून न्यायची म्हणजे सोसायटीची परवानगी आली. आमचे सेक्रेटरी सज्जन आहेत, पण नियम समोर आला की ते त्याच्या मागे उभे राहतात आणि मग दिसेनासे होतात.

"तारेचा उद्देश?" त्यांनी विचारलं.

"आईला गाणं ऐकवणं."

"म्हणजे करमणूक. करमणुकीच्या तारेला सभेचा ठराव लागतो. आजारपणाच्या तारेला लागत नाही."

"मग आजारपण लिहा."

"आजारपणात गाणं कसं?" ते म्हणाले आणि खरोखरच विचारात पडले. शेवटी 'आजारपणातील करमणूक' असा तोडगा निघाला. अट एकच होती: तार भिंतीच्या रंगाची हवी. इमारतीचा रंग पावसापाण्याने इतका बदलला आहे, की मुळात तो कोणता होता यावर दोन रहिवाशांचं एकमत नाही. दुकानात तारा मिळतात त्या काळ्या आणि लाल. मी दुकानदाराला म्हटलं, "शिळ्या लोण्याच्या रंगाची द्या." त्याने मला दुसऱ्या दुकानाचा पत्ता दिला. ते दुकान लोण्याचं होतं. अखेर मी काळी तार गच्चीवर पसरून ब्रशने रंगवली आणि घाई करून ओलीच लावली. त्या आठवड्यात जिन्यातून जाणाऱ्या निम्म्या लोकांच्या बाह्यांना भिंतीचा रंग लागला. सेक्रेटरींच्याही लागला. त्यांना तो रंग पसंत पडला, एवढंच समाधान.

आमच्या समोरच्या दारात पूलवाले काका राहतात. नोकरीत असताना त्यांनी तीन नद्यांवर पूल बांधले, आणि चौथी नदी न मिळाल्यामुळे ते आता शेजाऱ्यांना सल्ला देतात. तार कुठून न्यायची हे त्यांनीच ठरवलं. पाण्याच्या पंपाची केबल जिन्याच्या कडेने वर गेली आहे. तिला खेटूनच आपली तार न्यावी, म्हणजे एकीला दुसरीचा आधार होईल, असं त्यांचं म्हणणं पडलं. पुलाच्या बाबतीत ते खरंही असेल.

गुरुवार आला. गटाच्या प्रमुख शिट्टीबाई. त्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी गळ्यातली शिट्टी निवृत्त झालेली नाही. गाण्याची सुरुवातही त्या शिट्टीनेच करतात. मी हॉलमध्ये माईक लावला तेव्हा सगळ्याजणी त्याच्याभोवती जमल्या आणि त्यात तोंड घालून आईला हाका मारू लागल्या. मी धावत वर गेलो. आई डोक्याला तेल लावून, चापूनचोपून साडी नेसून, स्पीकरसमोर बसली होती. अशी ती किती दिवसांनी बसली होती. मी बटण दाबलं.

घुंऽऽऽऽ.

त्या घुंऽऽच्या पार मागे, दूर कुठेतरी, माणसं असावीत असा भास होत होता. आईने डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली, "ही नवी बाई कोण?"

"कोणती?"

"खालच्या आवाजात गातेय ती. सूर पक्का आहे हो. पण श्वासच घेत नाही."

मी तिला समजावलं, की ती बाई नाही, पंपाच्या केबलमधली वीज आहे. आपली तार लांब, एकेरी, शेजारच्या केबलची गुणगुण ती उचलते. आई ऐकत होती. तेवढ्यात मागचं अंधूक गाणं थांबलं. त्या गाण्यात 'सांज झाली'ची जागा आली होती. सगळ्या गप्प, आणि त्या गप्प जागेत आईच्याच पट्टीत, न दमता, न थांबता, घुंऽऽऽऽ.

"माझ्या जागी घेतलीय तिला," आई म्हणाली. "बरं केलं. जागा किती दिवस रिकामी ठेवणार?"

"अगं आई, वीज आहे ती."

"तू माझी समजूत घालू नकोस. लहानपणी मांजर मेलं तेव्हा ते गावाला गेलंय म्हणून तुला मीच सांगितलं होतं."

आई उठून आत जाऊन पडली. मी स्पीकरसमोर बसून त्या बाईचं गाणं ऐकत राहिलो. खरं सांगतो, मला रडू आलं. पण पूलवाले काका दारात उभे असल्यामुळे आवरतं घ्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात सल्लागारांचा नुसता पूर आला. काका म्हणाले, सगळ्या दुखण्यांचं मूळ अर्थिंग. दोन्ही टोकांना जमिनीशी जोडणी करा. मी केली. गुणगुण वाढली. आई आतून म्हणाली, "आज जेवून आलेली दिसते." औषधाच्या दुकानवाल्याने तारेला चंदेरी कागद गुंडाळायला सांगितलं. मी घरातला पोळ्या गुंडाळायचा सगळा कागद संपवला. आमच्या हिला डबा वर्तमानपत्रात न्यावा लागला, जिना बाहेरगावी पाठवायच्या पार्सलसारखा दिसू लागला, आणि सेक्रेटरींनी येऊन चंदेरी हा भिंतीचा रंग नाही हे अत्यंत नम्रपणे माझ्या नजरेस आणून दिलं. कागद काढताना तारेचा रंगही निघाला. बाई गातच होती. खाली गटात बातमी गेली, की ती तार काही चालत नाही. त्यामुळे माईककडे कुणी लक्ष देईना.

शेवटी मी बायकोसमोर जाऊन बसलो. ती पेपरच तपासत होती. मी बराच वेळ बसलो तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

"विचारा," ती म्हणाली.

"ते डिफरन्शियल म्हणजे काय असतं?"

ती हसली नाही. हे मी तिच्या खात्यावर कायमचं जमा धरलं आहे. म्हणाली, "समजा, तुम्ही आणि मी जिन्यात उभे आहोत. जिनाच हलला तर दोघंही सारखेच हलणार ना? आपल्यातलं अंतर काही बदलणार नाही. तसंच एकाऐवजी दोन तारा न्यायच्या. हॉलमध्ये एक छोटी पेटी ठेवायची. ती गाणं एका तारेत सरळ पाठवते आणि दुसरीत उलटं. वाटेत पंपाची गुणगुण दोन्ही तारांवर सारखीच बसते. वर अ‍ॅम्प्लिफायर फक्त दोघींमधला फरक मोजतो. जे सारखं ते आपोआप वजा."

मी चाट पडलो. कारण हे तत्त्व आमच्या घरात लग्नापासून चालू आहे. आम्हा दोघांत जे सारखं आहे ते कधी कुणाला ऐकू गेलं नाही. फरक तेवढा मोठा होऊन समोरच्या दारापर्यंत पोचतो. मी तिला तसं म्हटलं. तेव्हा मात्र ती हसली.

दुसरी तार आली, ती रंगवली, या वेळी वाळू दिली. हॉलमध्ये ती पेटी बसवली. अ‍ॅम्प्लिफायर नवा जुळवला. आता प्रश्न गेनचा, म्हणजे आत आलेला आवाज किती पट करून बाहेर काढायचा याचा. ते गणित सोपं असतं. आत दोन प्रकारचे रेझिस्टर बसवतात. मोठ्याला छोट्याने भागलं की गेन निघतो. आईचे कान, खोलीची लांबी-रुंदी आणि हॉलमधल्या बायकांचं वय हे सगळं जमेस धरून मी वीस पट काढला. मग एक तार जमिनीला जोडून, दुसरीत मोजून-मापून आवाज सोडून पाहिलं. बरोबर वीस. आवाज कमी-जास्त करण्याचं बटण मी मुद्दामच बसवलं नाही. ज्यांचा स्वतःच्या हिशेबावर विश्वास नसतो त्यांच्यासाठी बटणं असतात.

"मोजलंत कसं?" हिने विचारलं.

"एक तार जमिनीला लावून."

"पण तिथे तर दोन्ही तारा..."

"तार एक असो नाहीतर दोन," मी म्हणालो, "गाणं तेच ना? मग गेनही तोच." आणि विषय संपवला. प्रतिष्ठा परत आली की माणूस तिचा लगेच वापर करतो.

त्या गुरुवारी सेक्रेटरी दुसऱ्या तारेचा रंग तपासायला आले होते. ही त्यांना चहा देत होती. आईला मी कसंबसं बाहेर आणून बसवलं; या वेळी तिने तेल लावलं नव्हतं, की साडी बदलली नव्हती. "त्या बाईचंच ऐकायचं ना," एवढं म्हणाली. मी बटण दाबलं.

घुंऽऽ नव्हतं. काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसण्यातून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, तो आमच्याच खोलीत सरकल्यासारखा. कुणाच्या बांगड्या वाजल्या. कुणी कागद चाळले. आई ताठ बसली. मग एक बाई दुसरीच्या कानात बोलावं तसं कुजबुजली, आणि आम्हाला अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"सेक्रेटरी हल्ली केस रंगवतात का गं?"

"भिंतीच्या रंगाला जुळवून," दुसरी म्हणाली.

सेक्रेटरींनी कप तोंडाशी नेलेला तसाच राहिला. मी आवाज कमी करायला हात पुढे केला, आणि तिथे बटण नव्हतं. त्याच क्षणी खाली शिट्टीबाईंनी गाणं सुरू करण्यासाठी शिट्टी फुंकली.

ती शिट्टी मी आयुष्यात विसरणार नाही. सेक्रेटरींचा चहा त्यांच्या शर्टावर गेला. पूलवाले काका, पूल पडल्यासारखे, समोरच्या दारातून धावत आले. मागोमाग वीस बायका गायला लागल्या, पण गाणं फाटून येत होतं. कुणी पत्र्यावर खडे टाकावेत तसं. बारीक आवाज स्वच्छ, मोठा आवाज चिंध्या.

"दुप्पट झालंय," आमची ही शांतपणे म्हणाली. "तुम्ही एक पायरी वर चढलात आणि मी जागेवर, तर अंतर एक पायरी. तुम्ही मोजलंत ते तेवढंच. पण खालची पेटी दुसऱ्या तारेतही उलटं गाणं सोडते. मीही एक पायरी खाली उतरले तर?"

"दोन," मी म्हणालो. विसाचे चाळीस झाले होते. अ‍ॅम्प्लिफायरचा बिचाऱ्याचा आवाका संपला होता.

"सरावाला तीन-चारदा म्हणतात," आई अचानक म्हणाली. तिचं लक्ष स्पीकरवरून हललं नव्हतं. "तुला वेळ आहे."

मी डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं. हिने विजेरी धरली. मोठ्या रेझिस्टरच्या जोडीला तसाच दुसरा समांतर बसवला की तो निम्मा होतो, म्हणजे गेनही निम्मा. घाईघाईने बसवला, आणि घुंऽऽ, ती बाई परत आली. आईचा चेहरा उतरला.

"एकाच बाजूला बसवलात," ही म्हणाली. "दोन्ही बाजू सारख्या हव्यात, तरच सारखं ते वजा होईल." तिने विजेरी दातांत धरली आणि दुसरा रेझिस्टर स्वतःच्या हाताने जागेवर दाबून धरला. मी डाग दिला. तिचं बोट थोडं भाजलं. 'आई गं' मात्र मीच ओरडलो. बाई गेली ती गेलीच.

खाली बायका पुन्हा गायला लागल्या होत्या. आता गाणं अख्खं येत होतं, उबदार, खोलीभर. सेक्रेटरी ओल्या शर्टाने कोपऱ्यात बसले. आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. गाणं पुढे जात गेलं, चढत गेलं, आणि एकदम थांबलं.

स्पीकरमध्ये पूर्ण शांतता. मला वाटलं, तार तुटली. मी झडप घालून जोडणीला हात घालणार, तेवढ्यात हिने माझं मनगट धरलं. शांततेत कान दिला तेव्हा ऐकू आलं: खाली वीस बायका श्वास घेत होत्या. तिथे कुणीही गात नव्हतं. कुणालाही घेतलेलं नव्हतं. वीस जणी आईची ओळ होईपर्यंत, तिला लागेल तेवढा वेळ, तिच्या जागेसमोर थांबून होत्या.

आईलाही ते कळलं. तिने एकवार माझ्याकडे पाहिलं, आणि गायली. सांज झाली, सांज झाली, सांज झाली. आवाज थोडा गंजला होता, दुसऱ्यांदा किंचित हलला, तिसऱ्यांदा जागेवर बसला. ती श्वास घ्यायला थांबली आणि नेमक्या त्याच ठिकाणी खालून वीसही जणींनी गाणं उचललं. त्यांना तिचा आवाज ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्यांना नुसती तिची सवय होती.

गाणं संपलं. पूलवाले काकांनी चष्मा पुसला आणि अर्थिंगविषयी काही बोलले नाहीत. खालून शिट्टीबाईंचा आवाज आला, "आज जागा बरोबर सोडली ना? मला नेहमी वाटतं, आपण तिथे घाई करतो." कुणीतरी म्हणालं, "तिसरी सांज त्या जरा लांबवतात."

"लांबवतेच," आई स्पीकरला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अरे, त्यांना सांग, बरोबर उचललं म्हणावं. आणि हे त्यांना ऐकू जात नाही का रे?"

"नाही आई. तार फक्त वर येते. खाली जात नाही."

सेक्रेटरी उठले. शर्टावरचा चहा त्यांनी रुमालाने टिपला, तो निघेना, रुमाल घडी करून खिशात ठेवला.

"खाली जाणाऱ्या तारेसाठी वेगळा अर्ज लागेल," ते म्हणाले. दारापर्यंत गेले आणि चपला घालता घालता वळले. "मी लिहून आणतो. तुम्ही फक्त सही करा. रंग कोणताही चालेल."